ॲन्सिलरी स्टाफला मराठीत काय म्हणावं?

कऱ्हाकाठ
नमस्कार मंडळी. एका लहानशा धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. पगाराच्या खर्चात कर्मचाऱ्यांचे तीन गट आहेत: मेडिकल, पॅरामेडिकल आणि ॲन्सिलरी. पहिल्या दोघांना वैद्यकीय आणि निमवैद्यकीय हे ठरलेले शब्द आहेत. तिसऱ्यापाशी गाडी अडलीय.

या तिसऱ्या गटात कोण कोण आहे बघा. स्वयंपाकघरातल्या बायका, कपडे धुणारे, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, रुग्णवाहिकेचे चालक, वॉचमन, ऑक्सिजनच्या सिलिंडरची ने-आण करणारे, केसपेपरच्या खिडकीवरची मुलगी. गेल्या वर्षी या सगळ्यांच्या डोक्यावर 'इतर' छापलं होतं. त्याआधी 'दुय्यम कर्मचारी'. एका विश्वस्तांचं म्हणणं, 'सहायक' लिहा आणि मोकळ्या व्हा. पण थिएटर सहायक, प्रयोगशाळा सहायक अशी पदं आमच्याकडे आधीच आहेत आणि ती निमवैद्यकीयमध्ये धरली जातात.

शब्दकोश उघडला तर सहायक, पूरक, आनुषंगिक, गौण, दुय्यम सगळे एकाच ओळीत, जणू भावंडंच. अहवाल सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचला जातो आणि ही सगळी मंडळी समोर सतरंजीवर बसलेली असतात, हे ध्यानात ठेवून सुचवा. शिवाय एक कुतूहल: इंग्रजीत हा शब्द कमीपणा आणणारा आहे, की नुसता वर्गवारीचा?

खडूस
'इतर' काय वाईट? आमच्या वॉर्डात दर निवडणुकीला तेच दुसऱ्या नंबरावर असतात.

नेपथ्य
'सहायक' म्हटलं की मला पुरस्कार सोहळाच दिसतो. "आणि सर्वोत्कृष्ट सहायक मावशी आहेत..." (ह.घ्या.)

तिसरी_पाळी
कुणाला कमीपणाचा वाटत असेल तर वाटो, आमचं अख्खं घर ॲन्सिलरीवर चाललंय.

पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, आणि त्यांच्या आसपास भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत शेडी उभ्या राहिल्या. कुणी बुश करतो, कुणी पिना, कुणी ब्रॅकेट, कुणी नुसतं ड्रिलिंग-टॅपिंगचं जॉबवर्क. भोसरीत "काय करता?" असं विचारल्यावर "ॲन्सिलरी आहे" म्हटलं की समोरचा पुढे फक्त "कुणाची?" एवढंच विचारतो. मुलगी बघायला गेलं तरी हेच दोन प्रश्न.

आणि हा शब्द हवेतला नव्हता, त्याला कायद्यात व्याख्या होती. सुटे भाग, जोडभाग, टूलिंग बनवणारा किंवा सेवा देणारा कारखाना, ज्याचा निदान ५० टक्के माल किंवा सेवा दुसऱ्या कारखान्यांना जाते, तो ॲन्सिलरी. १९९१ साली साध्या लघुउद्योगाला यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा ६० लाख होती, ॲन्सिलरीला ७५ लाख. म्हणजे मान थोडा जास्तच! पुढे २००६ चा एमएसएमई कायदा आला आणि सूक्ष्म, लघु, मध्यम एवढेच खण राहिले. ॲन्सिलरी हा वेगळा खण गेला. आता मोठ्या कंपन्यांच्या कागदावर आम्ही 'व्हेंडर', आणि कंपनीला थेट माल न देता मधल्या पुरवठादाराला देत असलो तर 'टिअर टू'. मला विचाराल तर ॲन्सिलरीच बरं होतं. व्हेंडर काय, कोपऱ्यावर भाजी विकणाराही व्हेंडरच.

कऱ्हाकाठ
@तिसरी_पाळी, हे छानच. पण कारखान्यांसाठी तुम्ही मराठीत काय म्हणता? 'पूरक उद्योग'?

तिसरी_पाळी
पेपरवाले 'पूरक उद्योग' लिहितात. सरकारी कागदात 'साहाय्यकारी' पण पाहिलंय. भोसरीत कुणीच काही म्हणत नाही, ॲन्सिलरीच. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र 'जोडधंदा' असतो, पण तो अर्थ वेगळा. जोडधंदा आपल्याच मुख्य धंद्याला जोडलेला. ॲन्सिलरी दुसऱ्याच्या धंद्याला जोडलेली. हा फरक महत्त्वाचा आहे, तुमच्या रुग्णालयाला लागू पडतो का ते बघा.

वसईवाला
मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये 'आन्किल्ला' म्हणजे दासी, घरकामाची बाई. ॲन्सिलरी तिथून आला.

आमच्याकडे हा शब्द निराळ्या वाटेने घरात आलेला आहे. चर्चची घंटा वाजल्यावर जी देवदूताची प्रार्थना म्हणतात, तिच्यात मरियेचं वाक्य आहे: "पाहा, मी प्रभूची दासी." लॅटिनमध्ये तिथे 'आन्किल्ला दोमिनी' आहे. माझी आजी दिवसातून तीनदा ते म्हणायची आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. आता याच शब्दाच्या नातवंडाने मावशींना ओळखायचं की नाही, हा प्रश्न मला तरी अवघड वाटतो. देवघरातली दासी आणि पगारपत्रकातली दासी यांत फरक आहेच.

मध्ययुगातल्या युरोपात तत्त्वज्ञानाला धर्मशास्त्राची 'आन्किल्ला' म्हणत. त्यावर नंतर एका मोठ्या जर्मन तत्त्वज्ञाने, कान्टने, विचारलं होतं की ही दासी मालकिणीच्या पुढे दिवा धरून चालते की मागून पदर उचलून? (शब्द माझे, आशय त्याचा.)

खडूस
ठरलं तर मग. वैद्यकीय, निमवैद्यकीय आणि दासदासी. सभेला चहा कोण करणार तेवढं सांगा.

कऱ्हाकाठ
@खडूस, चहा त्याच करतात, आणि साखर किती टाकायची तेही त्याच ठरवतात. सांभाळून.

डोलकाठी
मी जहाजावर असतो. आमच्याकडे ॲन्सिलरी ऐकू येत नाही, ऑक्झिलरी येतो. मेन इंजिन पंखा फिरवतं, म्हणजे जहाज पुढे नेतं. ऑक्झिलरी इंजिनं वीज बनवतात. बंदराबाहेर नांगर टाकून उभे असलो की मेन इंजिन बंद. ऑक्झिलरी बंद पडलं तर दिवे, पंप, फ्रीजमधलं मटण, पुलावरची उपकरणं, सगळं जातं, आणि मेन इंजिनसुद्धा सुरू करता येत नाही, कारण त्याचे तेलाचे नि पाण्याचे पंप याच विजेवर. मोटरमननी रात्री उठवलं तर ते बहुतेक वेळा ऑक्झिलरीसाठीच असतं.

नेपथ्य
पुलावरची उपकरणं? जहाजावर पूल?

डोलकाठी
ब्रिज हो. जिथून जहाज चालवतात ती वरची खोली. मराठीत विचार करायला गेलो आणि घसरलो :)

पन्नास_हर्ट्झ
इथे दोन शब्दांची गल्लत व्हायला लागली आहे. वीज क्षेत्रात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

औष्णिक वीज केंद्राचं 'ऑक्झिलरी कन्झम्प्शन' म्हणजे केंद्राने स्वतःसाठी खाल्लेली वीज. कोळसा दळायच्या गिरण्या, बॉयलरला पाणी देणारे पंप, मोठे पंखे. शंभर युनिट तयार झाली तर त्यातली सहा-आठ तिथेच संपतात. हा घरातल्या घरातला कारभार.

'ॲन्सिलरी सर्व्हिसेस' म्हणजे केंद्राने ग्रिडसाठी, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या देशभरच्या जाळ्यासाठी, केलेली सेवा. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. मागणी अचानक वाढली की वारंवारता घसरते, कमी झाली की चढते. तेव्हा काही केंद्रांनी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन वीज वाढवायची किंवा घटवायची. काही सेकंदांत धावून येणारे, काही मिनिटांत येणारे आणि त्यांच्या जागी सावकाश येऊन त्यांना मोकळं करणारे, असे तीन थर. केंद्रीय वीज नियामक आयोगाने याचे नियम २०१५ मध्ये केले, प्रत्यक्ष काम २०१६ च्या एप्रिलपासून सुरू झालं, आणि २०२२ मध्ये नियम नव्याने आले.

हे कशासाठी लागतं ते कळायला ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवायचे होते. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि लगेच परत वर चढली. तेवढ्या वेळात ग्रिड सावरला तो प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी. पावणेनऊपर्यंत त्यांची निर्मिती मुद्दाम वर नेऊन ठेवली होती, दिवे मालवताना ती १७ हजार मेगावॉटहून जास्त खाली आणली, आणि पुन्हा उचलली. कोळशाच्या संचाला इतक्या घाईने वर-खाली करता येत नाही. आपलं काम चोख झालं की कुणाला काही कळत नाही, हे या सेवेचं वैशिष्ट्य. लोकांना दिसले ते दिवे आणि थाळ्या.

चौथा_मजला
थाळ्या आधी होत्या हो, २२ मार्चला. ५ एप्रिलला दिवे.

पन्नास_हर्ट्झ
बरोबर. पण आमच्या सोसायटीत दोन्ही वेळा वाजल्या.

नामविशेष
@पन्नास_हर्ट्झ, 'घरातल्या घरात' आणि 'दुसऱ्यासाठी' हा भेद तुमच्या क्षेत्रापुरता खरा, भाषेत इतका काटेकोर नाही. पण ऑक्झिलरीबद्दल व्याकरणातून थोडं.

'मावशी वॉर्ड पुसू लागल्या.' यात मुख्य अर्थ 'पुसू'मध्ये आहे, ते धातुसाधित. 'लागल्या' हे सहायक क्रियापद. पण वचन कोण सांगतं, काळ कोण सांगतो, वाक्य पुरं कोण करतं? सहायक. 'मावशी वॉर्ड पुसू' असं म्हणून थांबा आणि बघा. शाळेत मुलांना मी हेच सांगायचे: सहायक क्रियापद अर्थाला मदत करतं आणि वाक्याचा सगळा भार वाहतं.

त्यामुळे 'सहायक' या शब्दाला माझा आक्षेप नाही. आक्षेप 'दुय्यम'ला आहे. दुय्यम निबंधक, दुय्यम न्यायालय: यात पायरी आहे, वर कुणी, खाली कुणी. 'गौण' तर त्याहून वाईट, ते गौण खनिजालाच शोभतं. वाळू-मुरूमाला राग येत नाही.

खडूस
वाळूला राग येत नाही, वाळूवाल्यांना येतो. जपून.

सनदशीर
कायद्यातला वापर सांगतो, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो (वकिलाकडून अपेक्षा ठेवू नका).

राज्यघटनेच्या सूचींमध्ये विषय दोन-चार शब्दांत लिहिलेले असतात. त्या विषयावर कायदा करायचा अधिकार दिला की त्याच्यासोबत जे जे ॲन्सिलरी आहे त्याचाही अधिकार आपोआप मिळतो, हे तत्त्व फेडरल कोर्टाने १९४० मध्येच मांडलं आणि स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने चालू ठेवलं. कर बसवायचा अधिकार असेल तर करचुकवेगिरी रोखायचाही असतो, अशा धर्तीवर. आपल्याकडचं जुनं प्रकरण म्हणजे १९५१ चं बलसारा प्रकरण, मुंबई दारूबंदी कायद्याचं. तिथे मुद्दा जरा वेगळा होता: कायद्याचा गाभा राज्याच्या विषयात असेल, तर केंद्राच्या विषयाला त्याचा ओझरता धक्का लागला म्हणून कायदा बाद होत नाही. गाभा आणि अनुषंग हीच जोडी तिथेही आहे.

मराठीत आम्ही याला 'आनुषंगिक' म्हणतो. शासन निर्णयात 'व तदनुषंगिक बाबी' असतं तेच. कायद्याला हा शब्द चपखल आहे, माणसांना नाही. 'आनुषंगिक कर्मचारी' म्हणजे मुख्य माणूस आला म्हणून त्याच्याबरोबर चिकटून आलेला कुणीतरी, असा भास होतो.

वसईवाला
@सनदशीर, कायदा काढलाच आहे तर तिसरं भावंडही घ्या: सब्सिडिअरी. रोमन सैन्यात मागे राखून ठेवलेली फळी ती 'सब्सिदिउम'. गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याचंच 'सब्सिडिअरी अलायन्स' केलं आणि मराठीने त्याला दिलेलं नाव आहे तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह, म्हणजे पुन्हा आमचं गाव! दुसऱ्या बाजीरावाला निदान सहा हजारांचं इंग्रज पायदळ 'मदतीला' मिळालं आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला. मदतनीस म्हणून आलेला घरमालक होऊन बसला. तेव्हा सहायक म्हणजे कायम खालचाच असतो असं समजू नये.

खडूस
"मदतनीस म्हणून आलेला घरमालक होऊन बसला." आमच्या मेव्हण्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?

झीलकरी
माझं इथलं नावच सहायक भूमिकेचं आहे, म्हणून बोलणं भाग आहे.

पोवाड्यात शाहीर पुढे असतो, मागे आम्ही झीलकरी. "जी जी रं जी" आमचं. बघणाऱ्याला वाटतं हे नुसते ओढताहेत. पण शाहिराला श्वास घ्यायला, पुढचा चौक (कडवं) आठवायला, डफावरचा हात सावरायला जी उसंत लागते ती झीलमध्ये मिळते. झील पट्टी सोडून गेली की शाहीर कितीही मोठा असो, बोंबलतो. तमाशात हेच काम सुरत्या करतो. कीर्तनात टाळकरी.

या शब्दांची गंमत अशी की यात 'सहायक', 'उप', 'दुय्यम' असलं काही नाही. जो जे करतो ते त्याचं नाव. झील ओढतो तो झीलकरी, टाळ वाजवतो तो टाळकरी, वीणा घेतो तो विणेकरी. आपल्या भाषेने माणसाला कामावरून नाव दिलं. 'ॲन्सिलरी' असा एकगठ्ठा शब्द तिला कधी लागलाच नाही.

तिसरी_पाळी
+१. बारा बलुतेदार हेच तर होते. सुतार, लोहार, कुंभार. गावगाड्याचे ॲन्सिलरी युनिट.

नामविशेष
@तिसरी_पाळी, इथे जरा थांबा. सुताराला सुतार म्हणायचे, पण त्याच्या मुलालाही सुतारच व्हावं लागायचं. बलुतं सुगीला खळ्यावर मिळायचं, ते किती हे द्यायच्या बाजूचे लोक ठरवायचे. काही बलुतेदारांच्या वाट्याला काय आलं हे आपल्याला माहीत आहे. कामावरून मिळालेलं नाव गोड वाटतं, पण ते पुसता येत नसेल तर शिक्षा होते. गावगाडा आठवून हळवं व्हायला माझी तयारी नाही.

तिसरी_पाळी
मी फक्त कामाच्या रचनेबद्दल बोलत होतो, जातीबद्दल नाही.

नामविशेष
बलुतेदारीत ती दोन वेगळी काढता येत नाहीत, एवढंच म्हणणं.

नेपथ्य
*पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण दोघंही सभ्य निघाले.*

उपकेंद्र
मी निवृत्त एएनएम. पूर्ण नाव 'ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ'. मराठी नेमणूकपत्रात सहाय्यकारी परिचारिका का काहीसं होतं, ते कुणीच वाचलं नाही. गावासाठी नर्सबाई, सरकारी पाटीवर आरोग्यसेविका.

'सहाय्यकारी' कुणाची म्हणाल तर डॉक्टरांची. आणि डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात. उपकेंद्र सपाटीवर पाच हजार लोकवस्तीला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक. माझं डोंगरातलं. लसीकरण, बाळंतपण, गरोदर बायकांची नोंद, साथीचे रुग्ण, पाण्याचे नमुने, सगळं माझ्याकडे. रात्री दार वाजलं की मी जाणार, तेव्हा मला सहाय्य करणारं कोण? दिवा धरणारी आशा किंवा सुईण. कागदावर सहायक असलेल्या माणसाच्या हाताखालीही कुणी सहायक असतो, तो कागदावर सुद्धा नसतो.

तुमच्या यादीबद्दल. सरकारी दवाखान्यात याच लोकांना परिचर, कक्षसेवक, सफाई कामगार, वाहनचालक अशी पदं आहेत. पूर्वी सगळ्यांना मिळून चतुर्थ श्रेणी म्हणत, आता 'गट ड'. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस. 'मदतनीस' हा शब्द कुणाला टोचत नाही असा माझा अनुभव. तो सभेत वाचा, कुणी मान खाली घालणार नाही.

कऱ्हाकाठ
@उपकेंद्र, ताई, दंडवत. 'मदतनीस'चा विचार नक्की करते. पण रुग्णवाहिकेच्या चालकाला आणि केसपेपरवाल्या मुलीला मदतनीस म्हणता येईल का? ती मुलगी पदवीधर आहे, संगणक तीच सांभाळते.

टेम्सतीर
इंग्लंडमधून. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. मी इथल्या सरकारी रुग्णालयात पोर्टर म्हणून सुरुवात केली, म्हणजे रुग्णांना ट्रॉलीवरून इकडून तिकडे नेणारा.

इथे 'ॲन्सिलरी' हा शब्द रुग्णालयांतून घट्ट बसलेला होता: पोर्टर, सफाई, स्वयंपाक, धुलाई. शब्द औपचारिक आहे, शिवी नाही. तोंडावर कुणी "तू ॲन्सिलरी" म्हणत नाही. पण पगार सगळ्यांत कमी याच गटाचा, त्यामुळे शब्दाला तो रंग चढलाच. १९७३ मध्ये एनएचएसमधला (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतला) पहिला देशव्यापी संप झाला तो याच ॲन्सिलरी कर्मचाऱ्यांचा. डॉक्टर-नर्सांचा नाही. चादरी धुतल्या गेल्या नाहीत, जेवण गेलं नाही, तेव्हा रुग्णालय कशावर चालतं ते दिसलं. १९८३ नंतर सरकारने सफाई, जेवण, धुलाई या कामांच्या निविदा काढायला लावल्या आणि बरीच माणसं कंत्राटदाराकडे गेली. आता पाटीवर 'फॅसिलिटीज' किंवा 'सपोर्ट सर्व्हिसेस' लिहितात. नाव बदलून पगार बदलला नाही.

वकीलसाहेबांसाठी: इथे घटस्फोटात पोटगी आणि मालमत्तेच्या वाटणीला 'ॲन्सिलरी रिलीफ' म्हणत. म्हणजे घटस्फोट मुख्य, पैसा आनुषंगिक! २०११ पासून नवे नियम आले आणि नाव बदललं.

सनदशीर
पैसा आनुषंगिक असलेला एकही घटस्फोट मी पाहिलेला नाही.

चौथा_मजला
अवांतर, पण शब्द तोच आहे म्हणून विचारतो. पुण्यात फ्लॅट घेतोय. बिल्डरच्या माणसाने तीनदा 'ॲन्सिलरी एफएसआय' म्हटलं आणि मी तीनदा मान डोलावली. ते काय असतं?

सनदशीर
२०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली (मुंबई शहर-उपनगर आणि आणखी काही भाग वगळून). त्याआधी जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी वगैरे चटईक्षेत्रात (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते) मोजायचे की नाही, प्रीमियम (जादा शुल्क) भरून सूट घ्यायची की कशी, याचे शहरागणिक वेगळे नियम. नव्या नियमावलीने बहुतेक सगळं मोजायला घेतलं आणि त्याच्या भरपाईला ॲन्सिलरी क्षेत्र दिलं: निवासी बांधकामात मूळ प्रस्तावित चटईक्षेत्राच्या ६० टक्क्यांपर्यंत, अनिवासीत ८० टक्क्यांपर्यंत, प्रीमियम भरून. मूळ १.१ असेल तर निवासी इमारतीत ते १.७६ पर्यंत जातं.

चौथा_मजला
म्हणजे ज्याला आनुषंगिक म्हणतात ते ६० टक्के?

खडूस
आणि विमानात तिकीट मुख्य, तर खिडकी, बॅग, सँडविच ही 'ॲन्सिलरी' कमाई. मुख्य म्हणजे काय उरलं तर उभं राहायची परवानगी.

झीलकरी
धागा भरकटतोय. कऱ्हाकाठताई, काय ठरलं?

कऱ्हाकाठ
वाचतेय सगळं. जमलेलं असं.

'दुय्यम', 'गौण', 'इतर' बाद. 'आनुषंगिक' सनदशीर म्हणतात तसं माणसांना नको. 'सहायक' चांगला आहे, पण आमच्याकडे ती जागा भरलेली आहे. 'मदतनीस' मला सगळ्यांत आवडला, पण तो अर्ध्याच यादीला लागू पडतो. 'शिक्षकेतर'च्या चालीवर 'वैद्यकेतर' करून पाहिला, तो औषधाच्या बाटलीसारखा वाटला.

मग झीलकरींचं मनावर घेतलं. तक्त्यात गटाचं नाव 'रुग्णालय व्यवस्था कर्मचारी' आणि त्याखाली एकगठ्ठा आकडा न देता कामं वेगळी: स्वयंपाकघर, धुलाई, वॉर्ड मदतनीस, वाहन, सुरक्षा, नोंदणी. लेखापालांना विचारलं. ते म्हणाले एकूण बेरीज इंग्रजी ताळेबंदाशी जुळली पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

नामविशेष
'व्यवस्था' चांगला. पण 'व्यवस्थापन' समजून कुणी विश्वस्तांच्या रांगेत बसवेल. 'रुग्णालय सेवा कर्मचारी' बघा.

टेम्सतीर
सेवा तर डॉक्टरही करतात ना? मग ते कोणत्या गटात? माझं मत 'व्यवस्था'ला.

उपकेंद्र
कामं वेगळी लिहिली हे उत्तम. एक करा, वॉर्ड मदतनीसांमध्ये मावशी आणि मामा यांचे पगार वेगळे असतील तर अहवालात कळेल. आमच्याकडे कळलं होतं, मग बरंच काही झालं.

कऱ्हाकाठ
ताई, तुम्ही नस पकडलीत. वेगळे आहेत. म्हणूनच दोन विश्वस्त 'एकगठ्ठाच राहू द्या' म्हणताहेत. शनिवारच्या बैठकीत मांडते.

खडूस
शब्द विचारायला आल्या आणि पगारवाढ घेऊन निघाल्या.

तिसरी_पाळी
@सनदशीर, आता माझं अवांतर. एका मोठ्या कंपनीकडे माल जाऊन बरेच महिने झाले, पैसे नाहीत. दर वेळी रिजेक्शनची डेबिट नोट (माल नाकारला म्हणून पैसे कापल्याचा कागद) पुढे करतात. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा नियम ॲन्सिलरीला लागू होतो का, की कायद्यातून खणच गेल्यामुळे आम्ही लटकलो?

सनदशीर
खण गेला तरी तुम्ही गेलेला नाहीत. युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल आणि माल देण्याआधीपासून उद्यम नोंदणी असेल तर लागू. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय प्राप्तिकरात आता थकवलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांच्या लेखा विभागाला आठवण करून द्या, फरक पडतो. डेबिट नोटबद्दल: मालाबद्दलची हरकत त्यांनी माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घेतली होती का? ते आधी शोधा. मग एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते.

तिसरी_पाळी
नोंदणी आहे. लेखी हरकत एकदाही नाही, सगळं फोनवर.

सनदशीर
मग चलनं, बिलं आणि गेट एन्ट्रीचे शिक्के काढून ठेवा. व्यक्तिगत निरोप पाठवतो.